दिलीपला विचारून सांगतो

परबभाऊंनी आपल्या पार्टनरला, म्हणजे दिलीपला, विचारल्याशिवाय एकही पॅनल बनवलं नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं. प्लाय की एमडीएफ, वरून चकचकीत की मॅट, कडेची पट्टी काळी की लाल, सगळं बोलून व्हायचं, आणि शेवटी भाऊ मानेवरून हात फिरवत म्हणायचे, “ठीक आहे. दिलीपला विचारून उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी ते खरंच सांगायचे. कधी “दिलीप बोलला, चालेल.” कधी “दिलीपला नाय पटलं.” मी भाऊंना ओळखायला लागले तेव्हा दिलीपला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

पॅनल म्हणजे काय ते सांगते. आमच्या लहानपणी स्टेशनाबाहेरच्या पार्लरमध्ये व्हिडिओ गेमची उभी मशिनं असायची. त्यांच्यासमोर शाळा बुडवून उभी राहणारी मुलं आता चाळिशीची झाली आहेत. त्यांच्याकडे स्वतःची खोली आहे आणि त्या खोलीत त्यांना तसंच मशीन हवं असतं. आतला कॉम्प्युटर, पडदा, स्पीकर ती स्वतः जुळवतात. अडतं ते कमरेच्या उंचीवरच्या तिरक्या फळीपाशी, जिच्यावर जॉयस्टिक आणि बटणं बसतात. तेच पॅनल. घाटकोपर पश्चिमेच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, तळमजल्यावर, भाऊंचा गाळा होता आणि ते एवढी एकच फळी बनवायचे. शेजारचा गाळा माझा. मी व्हिनाइलवर छपाई करते. दुकानांच्या काचा, दवाखान्यांच्या पाट्या, रिक्षांच्या मागचे स्टिकर. पॅनलवरचं चित्र छापायला भाऊ माझ्याकडे यायला लागले, तशी आमची ओळख झाली.

पहिलं काम मी त्यांना ग्लॉसी छापून दिलं. निळं आकाश, त्यात आगीचे गोळे, मला स्वतःलाच फार आवडलं होतं. भाऊंनी बाही वर सरकवली आणि मनगटाची आतली बाजू त्या चित्रावर टेकवली. डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, माणसाला चक्कर येतेय. मिनिटभराने त्यांनी हात उचलला तेव्हा कातडी सुटल्याचा बारीक आवाज आला.

“ऐकलंस?” ते म्हणाले. “दोन तास खेळणार माणूस. घाम येणार. दर वेळेला असा चिकटणार. बोटांना विचारू नको गो, बोटांना चकचकीतच आवडतं. मनगटाला विचार.”

तेव्हापासून मी मॅट फिल्म वापरायला लागले, बारीक वाळूसारखा पोत असलेली. पण चकचकीत नको याचं अजून एक कारण होतं, जे त्यांनी सांगितलं नाही, मला दिसत गेलं. कुठलाही नवा नमुना आला की ते तो ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे आणि त्यात वाकून बघायचे. स्वतःचा चेहरा दिसला की नमुना लगेच पालथा घालायचे. ॲक्रिलिक असो, चकचकीत लॅमिनेट असो, तेच. एकदा मी वाद घातला. म्हटलं, गिऱ्हाइकांना चमक आवडते, तुम्ही कशाला अडवता? “मग त्यांना आरसा घ्यायला सांग,” ते म्हणाले, आणि पालथ्या तुकड्यावर चहाचा ग्लास ठेवला.

लाकडाबद्दल त्यांची मतं पक्की होती. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, कापायला सोपी, गुळगुळीत, भोकं स्वच्छ पडतात, म्हणून सगळे ते मागायचे. भाऊ म्हणायचे, “मुंबईची हवा त्याला मानवत नाय. एकदा पाणी लागू दे, चहात बुडवलेली खारी होते.” त्यांचा जीव अठरा एमएमच्या प्लायवर. ॲक्रिलिक वापरायचंच झालं तर वरखाली लाकडाचे तुकडे आवळून, मध्ये ते धरून, इतक्या हळू भोक पाडायचे की बघणाऱ्याला झोप यावी. मी एकदा घाईत तसं भोक पाडायला गेले आणि कोपऱ्यापर्यंत तडा गेला. मी सॉरी म्हणाले. भाऊंनी तडकलेला तुकडा उचलून खिडकीत ठेवला. तो तिथेच राहिला, आणि मी पुन्हा त्या ड्रिलला हात लावला नाही.

दिलीप जिवंत नाही हे मला पहिले सहा महिने माहीतच नव्हतं. वाटायचं, पार्टनर आहे, संध्याकाळी येत असेल, किंवा फोनवर बोलत असतील. दसऱ्याला भाऊंनी मशिनांची पूजा केली. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, घरून नैवेद्य घेऊन आल्या होत्या. दोन स्टुलांवर दोन बश्या ठेवल्या होत्या, पेढ्यांच्या. एका स्टुलावर भाऊ बसले. दुसरं रिकामं. मी सहज विचारलं, “दिलीपभाऊ नाही आले? आज तरी भेटले असते.”

वहिनींनी मला हाताला धरून बाहेर नेलं. “येणार कसे गं? त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांनाच माझी दया आली असावी. “घाबरू नको. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घरात आपण दोघं. आठवड्याभरात कळलं, आम्ही तिघं आहोत. सवय होते.” तक्रार म्हणून नाही, नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

त्यांच्याकडूनच मला थोडं कळलं. दिलीप वर्सोव्याचा, कोळीवाड्यातला. मासेमारीत मन नव्हतं, वायरिंगमध्ये होतं. त्याने आणि भाऊंनी मिळून अंधेरीत व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. पावसाळ्यात एका सकाळी मशीनचा शॉक लागून दिलीप गेला. पार्लर बंद झालं. याच्यापुढे वहिनींनाही काही माहीत नव्हतं.

मग मी लक्ष देऊन बघायला लागले. संध्याकाळी गाळा बंद करायच्या आधी भाऊ त्या दिवशीचे नमुने समोरच्या रिकाम्या स्टुलावर मांडायचे आणि गप्प उभे राहायचे. कधी ओठ हलायचे. एकदा मी माझं शटर ओढत होते तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, “अरे पण गिऱ्हाइकाला लाल पाहिजे.” मग शांतता. मग, “बरं बाबा. काळी.” माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? काळी पट्टीच शोभली त्या पॅनलला. दिलीपचे निर्णय कधी चुकायचे नाहीत. एकदा सकाळी आल्या आल्या भाऊ मला म्हणाले, “दिलीप बोलला, त्या मुलुंडवाल्याच्या पॅनलवर तुझं प्रिंट डाव्या कोपऱ्यात सुटतंय.” मी म्हटलं शक्यच नाही, काल स्वतः रोलर फिरवलाय. जाऊन बघितलं तर डाव्या कोपऱ्यात नखाएवढा फुगा. भाऊंनीच आदल्या दिवशी बघितला असेल आणि विसरले असतील. मी तरी तसंच मानते.

पॅनल गिऱ्हाइकाला द्यायच्या दिवशी ते जे करायचे ते बघायला मला कधीच जमलं नाही. पॅनल पूर्ण मशीनवर बसवून मशीन चालू करायचे. मग चपला काढायचे. बादलीतलं पाणी जमिनीवर ओतायचे, हात ओले करायचे, आणि त्या पाण्यात अनवाणी उभं राहून दोन्ही ओले तळवे पॅनलवर ठेवायचे. पहिल्यांदा मी किंचाळलेच. “भाऊ, वेडे आहात का?” ते हलले नाहीत. सगळी बटणं, कडा, खालची बाजू, एकेक करून हात फिरवला, मग बाजूला झाले आणि पाय पुसत म्हणाले, “आधी मी, मग गिऱ्हाईक.” दर वेळी हेच. मी त्या वेळी माझ्या गाळ्यात जाऊन मशीन चालू करायचे, म्हणजे काही ऐकू येऊ नये.

आणि स्टील. स्टीलचं नाव काढलं की भाऊ माणूस बदलायचे. अंधेरीच्या एका टॉवरमधला एक हौशी माणूस आला होता, हसरा, बोलका. त्याला ब्रश केलेल्या स्टीलचं पॅनल हवं होतं, परदेशातल्या कुणाचं तरी बघितलेलं. भाऊ म्हणाले, “स्टील करत नाय.” तो म्हणाला, पातळ चालेल, प्लायवर चिकटवा, वरून पावडर कोटिंग करा. “स्टील करत नाय.” तो म्हणाला, “अरे यार, कारण तरी सांगा ना.” भाऊ उठले, त्याची बॅग उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. या एकाच वेळी ते “दिलीपला विचारतो” म्हणाले नाहीत.

वर्सोव्यालाही ते जात नसत. तिकडच्या एका डॉक्टरांचं पॅनल पोचवायचं होतं, बसवायलाही माणूस हवा होता, म्हणून आम्ही दोघं मेट्रोने निघालो. घाटकोपरहून गाडी सरळ वर्सोव्यालाच जाते, उठायचंही काम नाही. अंधेरी गेलं तसे भाऊ उठून दाराशी उभे राहिले. शेवटच्या स्टेशनाच्या आधीच्या स्टेशनवर दार उघडलं आणि ते उतरले. “तू जा पुढे. मी इथे बसतो,” एवढंच. दार बंद झालं. मी दीड तासाने परत आले तर बाकावर तसेच बसलेले, हातात पाण्याची बाटली, उघडलेलीसुद्धा नाही. विचारलं, “बसवलंस नीट?” मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि साकीनाक्याच्या आसपास म्हणाले, “प्रेताला गेलो होतो. मागे उभा होतो. त्याची बायको मला बोलली, ‘तुम्ही चहाला गेलात म्हणून वाचलात, भाऊ.’ त्यानंतर माका जमला नाय गो.”

अशी तीन वर्षं गेली. मग एका शनिवारी मानसी आली.

सव्वीस-सत्तावीसची मुलगी, गळ्यात कुठल्याशा लॅबचं ओळखपत्र. दारात उभी राहून तिने मला विचारलं, “परबकाका इथेच असतात ना?” मी भाऊंकडे बोट दाखवलं. ती आत गेली. “काका, मी मानसी. दिलीपची मुलगी. वर्सोव्याहून आले.”

भाऊंच्या हातात पट्टी आणि पेन्सिल होती. ती त्यांनी नीट खाली ठेवली. तिला बसायला म्हणून त्यांनी समोरचं रिकामं स्टूल ओढलं, मग थबकले, ते परत जागेवर सरकवलं आणि स्वतःचं दिलं. ती बसली. ते उभेच राहिले.

“आईने सांगितलं तुम्ही अजून हे काम करता म्हणून,” ती म्हणाली. “तिला कोणीतरी सांगितलं. मला बाबांचं काहीच आठवत नाही, मी दीड वर्षाची होते. घरी एवढा एकच फोटो आहे ज्यात ते हसतायत.” तिने फोन पुढे केला. मीही मान वाकवून बघितलं. हिरवा शर्ट घातलेला सडपातळ तरुण, व्हिडिओ गेमच्या मशीनला टेकलेला, एक हात पॅनलवर. पॅनल स्टीलचं होतं, कोरं करकरीत. त्यात त्याच्या हाताचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे खालून कोणीतरी त्या हाताला हात लावल्यासारखं दिसत होतं.

“मला असंच मशीन पाहिजे, काका. घरी ठेवायला. बाकी मी बघते, माझा मित्र करून देणार आहे. पण हे पॅनल तुम्ही करा. सेम असंच. स्टीलचं.” मग हसून म्हणाली, “हा फोटो तुम्हीच काढलाय ना?”

“हो,” भाऊ म्हणाले.

“मग कराल ना?”

“दिलीपला...” ते बोलून गेले आणि थांबले.

“काय?”

“उद्या ये,” भाऊ म्हणाले. “उद्या रविवार आहे. अकरा वाजता ये.”

ती गेल्यावर त्यांनी कामाला हात लावला नाही. पाचच्या सुमारास मी डोकावले तर रिकाम्या स्टुलासमोर जमिनीवर बसले होते. समोर कुठलाही नमुना नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलाने तक्रार करावी तसे म्हणाले, “शुभा, तो बोलत नाय. तीनदा विचारलं.”

मी म्हटलं, “काय विचारलंत?”

“सांगू का म्हणून.”

रविवारी मला गाळ्यावर यायचं काही कारण नव्हतं. भाऊंनीच फोन केला होता, “तू पण थांब.” मानसी वेळेवर आली. भाऊंनी ताजा इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसली, पाणी प्यायली, तोवर ते थांबले. मग कुठलीही प्रस्तावना न करता बोलायला लागले.

“आपलं पॅनल आधी प्लायचं होतं. त्या पावसात ते फुगलं. समोर दुसरं पार्लर आलं होतं, त्याच्याकडे स्टीलचं होतं. सगळी गर्दी तिकडे. मी दिलीपला बोललो, आपण पण स्टील लावू. तो नको बोलला. बोलला, आपलं वायरिंग जुनं, जमीन ओली असते, स्टील नको, चांगल्या प्लायचं नवीन करू. मी ऐकलं नाय. मी पत्रा कापून आणला. कड घासायची राहिली होती, धारेसारखी होती. मेनची वायर त्याच्या मागूनच जायची. अर्थिंग जोडायचं होतं. मी बोललो, रविवारी जोडू. फोटो सोमवारी काढला. शुक्रवारी सकाळी दुकानात पाणी आलेलं. दिलीप मशीन चालू करून ओल्या फडक्याने पॅनल पुसत होता. त्या कडेने वायर सोलली होती.”

मानसीने विचारलं, “तुम्ही कुठे होता?”

“चहाला.”

“बाबा नको म्हणाले होते?”

“दोनदा बोलला.”

“आईला माहितीये हे?”

“नाय. लाइनला फॉल्ट होता, पावसामुळे झालं, असं सगळे बोलले. मी गप्प राहिलो. कड नंतर मीच घासली.”

हे शेवटचं वाक्य ते का बोलले कोण जाणे. कोणी विचारलं नव्हतं.

मानसीने फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, “माझी आई पंचवीस वर्षं बाबांवर चिडलेली आहे, काका. ओल्या पायाने, ओल्या फडक्याने चालू मशीनला हात लावायची अक्कल नव्हती का, म्हणून. स्वतः वायरमन असून. त्यांच्या फोटोला हार घालताना पण चिडते. मी मोठी झाले ते हेच ऐकत. की माझा बाप मूर्ख होता.”

भाऊंना हे माहीत नव्हतं. आपण गप्प राहिलो तर शिक्षा आपल्यालाच झाली, एवढंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. मानसी उठली. दारापाशी तिने माझ्याकडे बघितलं, माझ्याकडे का ते मला कळलं नाही, आणि निघून गेली.

त्या दिवसापासून दिलीप बोलायचा थांबला. भाऊंनी मला हे अगदी साधेपणाने सांगितलं, एखादा नेहमीचा माणूस यायचा बंद झाला तर सांगावं तसं. ते रोज संध्याकाळी नमुने मांडायचे, उभे राहायचे, आणि मग माझ्याकडे यायचे. “शुभा, सांग ना. मॅट की सॅटिन?” मी काहीतरी सांगायचे. ते मनगट टेकवून बघायचे आणि मान हलवायचे. “काय कळत नाय. सगळं सारखंच लागतंय.” ज्या माणसाने डोळे मिटून दोन मॅट फिल्ममधला फरक सांगितला होता, तो आता काळी पट्टी की लाल यावर दुपार घालवायचा. गिऱ्हाइकं “उद्या सांगतो” ऐकून जायची आणि उद्या काहीच कळायचं नाही. कामं हळूहळू बंद झाली.

एक पॅनल मात्र त्यांनी केलं. मानसीचं. तिने सांगितलं नव्हतं, येईल याची खात्रीही नव्हती. अठरा एमएमचा मरीन प्लाय आणला, खाऱ्या हवेत टिकणारा. कापला, कडा घासल्या, पुन्हा घासल्या. मी म्हटलं, भाऊ, लाकडाला इतकं कोण घासतं? ते घासत राहिले. चित्र काय हवं ते त्यांना सांगता येईना. मीच म्हटलं, चित्र नकोच, त्याच्या शर्टाचा रंग देऊ. फोटो आमच्याकडे नव्हता, दोघांच्या डोळ्यांसमोर होता तेवढाच. मी हिरव्याचे नमुने छापत गेले. पहिला फार पिवळट, दुसरा औषधाच्या दुकानासारखा. चौथा की पाचवा त्यांनी उचलून दारात, उन्हात नेला. “हा,” ते म्हणाले. “हाच. गणपतीत घेतला होता त्याने.” स्टीलची चमक नाही, पण पोरीला थोडा उजेड तरी दिसावा म्हणून वर सॅटिन फिल्म लावली. तिच्यावर उजेड पसरतो, चेहरा दिसत नाही. पॅनल झाल्यावर त्यांनी जमीन ओली केली, चपला काढल्या. त्या दिवशी मी माझ्या गाळ्यात गेले नाही, दारात थांबले. ते खूप वेळ हात ठेवून उभे होते.

मी मानसीला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पुन्हा केला नाही. सप्टेंबरअखेर भाऊंनी गाळा सोडला. ड्रिल, करवती, पट्ट्या वाटून टाकल्या. पॅनल कापडात गुंडाळून माझ्याकडे दिलं. कुडाळजवळ वहिनींच्या माहेरचं घर आहे, तिकडे राहायचं ठरलं होतं. मी विचारलं, “काम नाही करायचं म्हणून इतक्या लांब कशाला जायचं?” ते म्हणाले, “इथे मी एकटाच असतो गो आता.” वहिनी टेंपोत सामान चढवत होत्या. भाऊ पुढे जाऊन बसल्यावर त्या हळूच मला म्हणाल्या, “घरात खूप शांत झालंय. आता दोघंच. मला पण करमत नाही.”

मानसी जानेवारीत आली. दुपारची वेळ होती, मी एका दवाखान्याची पाटी कापत होते. शेजारचं शटर बंद बघून ती सरळ माझ्याकडेच आली. “ते कुठेत?”

“गावी गेले. तुमचं पॅनल आहे माझ्याकडे.”

मी टेबलावर ठेवून कापड सोडलं. ती बघत राहिली. “हिरवं का?” तिने विचारलं. मी सांगितलं. तिने तळवा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग रडली. मी मशीन बंद केलं आणि पाठ करून उभी राहिले.

“आईला सांगितलं मी,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “ती तीन दिवस बोलली नाही कोणाशी. मग उठून बाबांचा फोटो पुसला. बस, एवढंच.” तिने पॅनल स्वतःच पुन्हा गुंडाळलं. “मी घेऊन जाते हे. पण त्यांना सांगू नका मी आले होते.”

“का? त्यांना बरं वाटेल.”

“म्हणूनच. मी नेलं कळलं तर त्यांना वाटेल मी माफ केलं. मी नाही केलंय अजून. करीन की नाही माहीत नाही. पण हे इथे पडून राहायला नको.” रिक्षात बसताना तिने ते मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही हातांनी धरून.

भाऊ महिन्यातून एकदा फोन करतात. पाऊस, फणस, गावातल्या विजेची रड. आवाज पूर्वीपेक्षा हळू झालाय. फोन ठेवायच्या आधी थोडे थांबतात, आणि मला कळतं आता काय येणार.

“पोरगी आली होती काय गो?”

“नाही, भाऊ. अजून नाही.”

“येईल. भिंतीला टेकवून उभं ठेवू नको हां, वाकतं. आडवं ठेव.”

“आडवंच ठेवलंय, भाऊ,” मी म्हणते.